बोरमाळेचा तपास

माझ्या थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. एका घरात आम्ही दोघी बावीस वर्षं नांदलो आणि त्यातली वीस तरी टीव्हीपुढं बसून भांडलो. नवऱ्यांवरून नाही, पोरांवरून नाही, चुलीवरून तर कधीच नाही. भांडण व्हायचं ते टीव्हीतल्या माणसांवरून, ज्यांनी आमचं गाव कधी बघितलं नाही आणि बघणारही नाहीत. कळमनुरीपासून सात-आठ किलोमीटर आत आमचं गाव. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ह्या घरी रोज दुपारी कोर्ट भरतंय.

मी अंगणवाडीत सेविका आहे. दीड-दोनला घरी यायची तोवर आक्काचं सगळं उरकलेलं असायचं. माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि ती भिंतीला पाठ लावून बसलेली असायची, रिमोट मांडीखाली. आधी जेव, मग भांडू, असा तिचा दंडक होता.

मला आवडायच्या खऱ्या गुन्ह्यांच्या डॉक्युमेंट्री. खून कुणी केला, कसा केला, पोलिसांना कुठं शंका आली. आरोपीचा जुना फोटो, शेजाऱ्यांच्या मुलाखती, रिकामं घर दाखवत फिरणारा कॅमेरा, हे सुरू झालं की मला तहान-भूक लागायची नाही. दुसऱ्याच भागात मी बोट दाखवून मोकळी व्हायची, हाच. माझं बारावीपर्यंत शिक्षण झालेलं, त्याचा मला तोरा होता. आक्का चौथी शिकलेली. तिला आवडायची गाण्याची स्पर्धा. दर आठवड्याला एक जण घरी जाणार, आणि जो जाईल त्याच्यासाठी ही पदर डोळ्याला लावणार.

"मेलेल्या बाईची माय तिथं रडून राहिली आन तू शेंगदाणे खात बघून राहिली," ती म्हणायची. "काळीज हाय का दगड?"

"आणि तुमचं ते रडणं? ते सगळं लिहून दिलेलं असतंय आक्का. त्या पोराच्या बापाला मुद्दाम फाटक्या चपला घालायला लावल्यात."

"फाटक्या चपला मुद्दाम घालाव्या लागतेत व्हय? ये मनावं आपल्या गावात."

मग मी चॅनेल बदलायला रिमोट मागायची आणि ती मांडी हलवायची नाही.

आमचा मोठा वाद एकच होता आणि तो कधी मिटला नाही. माझं ठाम मत होतं की जो गप्प बसतो तोच गुन्हेगार असतो. निरपराध माणूस ओरडतो, छाती बडवतो, शपथा घेतो. एका मालिकेत एक सून सहाही भागांत तोंड उघडत नव्हती. मी पहिल्या भागातच सांगितलं हीच, आणि तीच निघाली. त्या विजयावर मी महिनाभर जगले. आक्काला ते पटलं नाही. "गप बसलेल्या माणसापाशी सांगायला लय असतंय," ती म्हणायची. "ऐकणारं माणूस नसतंय समोर." शिवाय माझी जिरवायला तिच्याकडं एक माळी होता. कुठल्याशा बंगल्यातला तो माळी, त्यालाही मी असंच गप्प बसला म्हणून फासावर चढवलं होतं आणि शेवटी तो निर्दोष सुटला. मी ते सोयीनं विसरून गेले होते. आक्का नव्हती विसरली. माझं फार पुढं जायला लागलं की ती नुसती म्हणायची, "माळी." मी ताट उचलून मोरीकडं जायची.

गाण्याच्या स्पर्धेत प्रेक्षकांची मतं घेतात. शनिवारचा भाग रविवारी दुपारी पुन्हा लागायचा आणि मत द्यायला दोन दिवस मिळायचे. मत मोबाईलवरून द्यायचं. आक्काकडं साधा फोन, तोही बोलण्यापुरता. माझा मोबाईल हातात दिला तरी ती काचेला बोट लावायची नाही. माझं हळदीचं बोट, काच पिवळी होईल म्हणायची. म्हणून तिनं तिची पद्धत काढली. फेब्रुवारी-मार्चात आमच्या अंगणात उकडून वाळवलेली हळद पसरलेली असते आणि दहा-बारा बायका बसून निवडत असतात. आक्का दोन वाट्या मांडायची. ज्याला राहू द्यायचं त्याच्या नावानं उजवीकडच्या वाटीत हळकुंड, ज्याला घालवायचं त्याच्या नावानं डावीकडं. निवडायला आलेल्या बायकाही एकेक हळकुंड टाकायच्या. दोन्ही वाट्यांकडं बघून आक्का शेवटचा निकाल द्यायची आणि तो मला सांगायची. मग मी मोबाईल काढून तिच्यादेखत मत टाकायची. ती माझ्या बोटाकडं बघत राहायची. "गेलं का?" विचारायची. गेलं म्हटलं की उठून कामाला लागायची, सरकार पडायचं वाचवल्यासारखी.

हे सगळं मी मोडलं. तीन वर्षांपूर्वी सासूबाई वारल्या. दिवसकार्य झालं, नणंद कनेरगाव नाक्याला तिच्या घरी गेली, आणि महिनाभरानं सासूबाईंची पेटी उघडली. पेटीत लुगडी होती, चांदीचे वाळे होते, बोरमाळ नव्हती. आमच्या घरात ती बोरमाळ सासूकडून थोरल्या सुनेच्या गळ्यात जाते. म्हणजे ती आक्काचीच व्हायची होती. पण त्याच वेळी भावाभावांत बोअरच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलेलं, वाटणीची भाषा सुरू झालेली, आणि थोरल्यांनी म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं भरल्या घरात विचारलं, बोरमाळ कुणी काढली? विचारताना त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बघितलं.

ते बघणं मला झोंबलं. माझा नवरा चोर? मी तपासाला लागले. हसू येईल, पण खरंच लागले. पोरीची जुनी वही घेतली आणि मागच्या पानापासून लिहायला बसले. सासूबाई अंथरुणाला कधी खिळल्या, तेव्हा घरात कोण कोण होतं, किल्ली कुणाकडं. किल्ली आधी सासूबाईंच्या कमरेला असायची आणि आजारपणात आक्काकडं. पेटी आक्काच्या खोलीत. सासूबाईंची सगळी सेवा आक्काच्या हातानं. सगळे बाण एकीकडंच जात होते. टीव्हीवरचे पोलीस भिंतीवर फोटो लावून दोऱ्या जोडतात, तेवढंच करायचं मी बाकी ठेवलं होतं. स्वतःची वस्तू कुणी कशाला चोरील, हा साधा प्रश्नही मला पडला. त्याचं उत्तर मी तयार केलं की वाटणीत सोनं मोजायला लागू नये म्हणून आधीच काढून ठेवली असणार. हेतू सापडला. मला त्या रात्री छान झोप लागली, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ ओसरीत बसलेले असताना मी वही घेऊन उभी राहिले आणि वाचून दाखवलं. एकेक मुद्दा, क्रमानं. आक्का सुपात तूर पाखडत होती. ती थांबली. मी शेवटी म्हटलं, "आता तुमीच सांगा आक्का."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "मला काय मनायचं न्हाई."

"बघा," मी सगळ्यांना म्हटलं. "गप्प बसल्या."

माळी असं ती तेव्हा म्हणाली असती तर कदाचित मी थांबले असते. पण तिनं सूप उचललं आणि आत गेली.

दिवाळीच्या आत घरात भिंत आली. चार इंची विटांची, मधल्या खोलीच्या बरोबर मधून. टीव्ही तिकडं गेला. आमच्या बाजूला टीव्हीची जागा राहिली, तेवढा चौकोन भिंतीचा रंग वेगळा. दरवाजे वेगळे, नळ वेगळे. पुरुष निदान बोअरवर एकमेकांना शिव्या तरी देत. आम्हा बायकांचा पक्का अबोला.

भिंत बारीक होती. गाण्याची स्पर्धा सुरू झाली की तिकडचा आवाज एवढा मोठा असायचा की माझ्या ताटातल्या डाळीला ऐकू जावं. मला वाटायचं, खिजवते. टीव्ही आमच्याकडं आलाय, ऐक. मग मी मोबाईलवर खुनाची मालिका लावायची, तोही फुल्ल आवाजात. कधी कधी स्पर्धेच्या मध्येच आक्का तिकडून मोठ्यानं विचारायची, "ही पोरगी राहती का जाती गं?" तिच्याकडं दुपारी दुसरं कोणी नसायचं, सून शिवणाच्या क्लासला, मुलगा शेतात. गं कुणाला म्हणाली? मला माहीत होतं कुणाला. उत्तर जिभेवर यायचं. जाते, दुसऱ्या कडव्यात सूर सुटला तिचा. मी जीभ दातांत धरायची.

त्या वर्षी तिची आवडती एक पोरगी होती. बारकी, दात थोडे पुढं, बाप वीटभट्टीवर. आक्काच्या दोन वाट्या भिंतीपलीकडंही मांडल्या जात असणार, पण मत द्यायचा मोबाईल माझ्याकडं होता. शेवटच्या आठवड्यात मी ते ॲप उघडलं. त्या पोरीच्या फोटोवर बोट नेलं आणि मागं घेतलं. एका मतानं काय होतं, काहीच होत नाही. पण ती पोरगी गेली तेव्हा भिंतीपलीकडून आक्काचं रडणं ऐकू आलं आणि मला बरं वाटलं.

यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी आक्का नळावर पडली. नांदेडला नेली. बारा-तेरा दिवसांनी परत आणली तेव्हा उजवा हात गेलेला आणि वाचा गेलेली. पूर्ण नाही. एक शब्द राहिला. व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादा शब्द शिल्लक राहतो. गल्ली भेटायला गेली. लोक नावं ठेवतील म्हणून मीही चौथ्या दिवशी गेले, उंबऱ्याशीच उभी राहिले, बरं वाटतंय का विचारलं. ती म्हणाली, व्हय. मी घरी आले.

त्याच आठवड्यात नणंद आली, कनेरगाव नाक्याहून. तिथं रस्त्यावर त्यांचा ढाबा आहे, तिला सुटी मिळत नाही. तरी दोन दिवस काढून आली. वाटणी बोअरवरून झाली एवढंच तिला माहीत होतं. बोरमाळेचं आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. माहेरची घाण माहेरवाशिणीपुढं कशाला उघडायची. ती आक्काकडं बसून आली आणि माझ्याकडं चहा घेत डोळे पुसत होती. आणि मी, माझ्या ह्या तोंडानं म्हणाले, "तेव्हाबी गप्प बसल्या, आताबी गप्पच. वरचा बघतोय सगळं."

"कव्हाचं बोलून राहिली तू?"

"बोरमाळेचं."

तिनं कप खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, वहीसकट. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा असा होत गेला की माझंच बोलणं अडखळायला लागलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ती बोरमाळ तर पंधरा वर्षांखाली मोडली. कळमनुरीच्या सोनाराकडं. मायसंगं मीच गेले होते."

"काहून मोडली?"

"तुझ्यासाठी."

माझी पोरगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या वेळी मी जवळजवळ गेलेच होते. अंगावरून रक्त थांबेना, कळमनुरीहून नांदेडला नेलं, पाच दिवस मी शुद्धीवर नव्हते. दवाखान्याचं सासूबाईंनी बघितलं एवढंच मला ठाऊक. हळद विकली असं त्या म्हणाल्या होत्या आणि कुणी जास्त विचारलं नाही. नणंद सांगत होती. सासूबाई पेटी उघडून बसल्या होत्या, आणि बोरमाळ थोरलीच्या हक्काची म्हणून त्यांनी आक्काला विचारलं, काय करू? आक्का म्हणाली, मोडा. विचारात वेळ घालवू नका, मोडा. आणि वर सासूबाईंना आपल्या लेकरांची शपथ घातली की हे धाकटीला कधी कळू द्यायचं नाही.

"शपथ काहून?" मी विचारलं.

"मी बी तेच विचारलं तिला. ती मनली, तिला कळलं तर ती खाली मान घालून राहील. मंग माझ्यासंगं मोकळ्यानं भांडायची न्हाई."

नणंद आणखी काही बोलत होती. मला वही आठवत होती. वहीत मी सगळं लिहिलं होतं, फक्त एक गोष्ट तपासली नव्हती. सासूबाईंच्या गळ्यात बोरमाळ शेवटची कधी दिसली? माझ्या बाळंतपणाच्या आधी. त्यानंतरच्या लग्नांत त्या काळ्या मण्यांवर जायच्या, मान दुखते म्हणायच्या. बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं ते. मला दुसऱ्यांच्या घरातले खून सापडत होते.

मी पायात चप्पल न घालता बाहेरून वळसा घेऊन तिकडं गेले. दुपारची वेळ होती. टीव्ही चालू, नव्या वर्षाची स्पर्धा लागलेली. आक्काची खाट भिंतीला लागून होती, आमच्या भिंतीला. तिची सून म्हणाली, "त्यांला तिथंच पायजे काकू. आधीपासून तिथंच बसायच्या. आवाजबी लय मोठा करायच्या. मी भांडले तर मनायच्या, राहू दे, धाकटीचा रिचार्ज संपला असंल, तिला ऐकू जाऊ दे."

सून आत गेली. मी खाटेजवळ खाली बसले. तिचा डावा हात घेतला, हळदीनं नखं अजून पिवळी.

"आक्का, बोरमाळ माझ्यासाठी मोडली?"

"व्हय."

"मी तुमच्यावर आळ घेतला. मीच घेतला. माझं चुकलं आक्का. मला माफ केलं का?"

"व्हय," ती म्हणाली.

मी तिच्या हातावर डोकं ठेवून रडले. किती वेळ ते माहीत नाही. तीन वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि मला वाटलं, देवा, एवढं तरी वेळेत झालं. तेवढ्यात आतून सुनेनं हाक दिली, "आत्याबाई, चहा ठेवू का?"

"व्हय."

"का थोड्या वेळानं ठेवू?"

"व्हय."

माझं रडू थांबलं. मी डोकं वर केलं. इतकी वर्षं मी जे बघत आले त्यात वकील साक्षीदाराला एक प्रश्न असा विचारतो ज्याचं उत्तर आधीपासून माहीत असतं. साक्ष खरी का खोटी ते त्यावरून कळतं. नको विचारू, असं मी स्वतःला म्हटलं. मिळालंय ते पदरात घे आणि ऊठ. पण माझी खोड जात नाही.

टीव्हीवर एक पोरगी गात होती, आक्काला आवडेल अशीच, साध्या कपड्यातली, सुरेल. मी टीव्हीकडं बोट केलं.

"आक्का, ही पोरगी किती बेसूर गाती. घालवायची ना हिला?"

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. भांडा आक्का, मनात म्हणत होते. काळीज दगडाचं म्हणा, माळी म्हणा, काहीही म्हणा, फक्त नाही म्हणा.

आक्कानं टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली.